फिरवणाऱ्याने आकडा बघायचा नाही

दादाचा एक नियम होता आणि तो त्याने माझ्या डोक्यात खिळा ठोकावा तसा ठोकला होता. डिश फिरवणाऱ्याने आकडा बघायचा नाही. आकडा समोरच्या गच्चीवरचा माणूस वाचणार, फिरवणारा नुसता ऐकणार. मोबाइल खिशात, इअरफोन कानात, दोन्ही हात डिशवर. जे झालं ते या नियमापायीच झालं, म्हणून आधी तो समजावून सांगते.

एकाच कंपनीच्या दोन इमारती असतात आणि मधे रस्ता, नाला नाहीतर दुसऱ्याची जमीन असते. दोन्हीकडचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलले पाहिजेत. रस्ता खोदून केबल टाकायची परवानगी मिळेपर्यंत ती मागणारा साहेब निवृत्त होतो. मग आमच्यासारख्यांना बोलावतात. आम्ही दोन्ही गच्च्यांवर छोट्या परातीएवढी एकेक डिश बसवतो, त्यांची तोंडं समोरासमोर आणतो, की हवेतल्या हवेत पूल तयार. ऐकायला सोपं आहे. अडचण तोंडं समोरासमोर आणण्यात आहे. डिशचा मुख्य झोत एकच असतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक खोटे झोत असतात. फिरवताना आधी खोटा लागतो, मोबाइलवरचा सिग्नलचा आकडा सुधारतो, माणूस खूश होतो आणि तिथेच नट आवळून मोकळा होतो. खरा झोत पुढे असतो, आणि तिथे पोचायचं तर आकडा आधी पुन्हा बिघडू द्यावा लागतो. दादा म्हणायचा, ज्याचे हात दुखतायत त्याला तेवढा धीर नसतो, म्हणून डोळे दुसऱ्याचे पाहिजेत. आकड्याच्या आधी उणे असतं, ते आम्ही बोलताना गाळतो. त्यामुळे आकडा जितका लहान तितका पूल पक्का.

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. मी शाळेत त्याच्याच सायकलवरून गेले, आणि कॉलेज संपवून नोकरी मिळेना तेव्हा त्यानेच मला शिडीवर चढवलं. लहानपणी मी सगळ्यांना हुकूम सोडायचे म्हणून तो मला मुकादम म्हणतो, अजूनही, गिऱ्हाइकासमोरसुद्धा. एका गच्चीवर तो, दुसऱ्या गच्चीवर मी, आणि कानात त्याचा आवाज, "डावीकडे जरा, मुकादम. अगं जरा म्हणालो, लग्नाची वरात वळवायची नाहीये." मला हे काम आवडायचं ते त्या आवाजामुळे. उगाच का खोटं बोलू.

रंगांच्या कारखान्याचं काम आलं तेव्हा आमचं बरं चाललं होतं. कारखाना रस्त्याच्या एका बाजूला, गोदाम दुसऱ्या बाजूला. गोदामातले कामगार हातातल्या यंत्राने डब्यांवरच्या बारकोडच्या पट्ट्या वाचायचे, आणि तो हिशोब पुलावरून कारखान्याच्या ऑफिसात जायचा. पूल पडला की गोदामाला कळत नाही कुठला डबा कुठल्या ट्रकमध्ये घालायचा, आणि ट्रकवाले हॉर्न वाजवत बसतात. तिथला व्यवस्थापक कायम घड्याळाकडे बघत बोलायचा. आम्ही आपसात त्याला घाईसाहेब म्हणायचो.

आम्ही नेहमीसारखं काम केलं. दादा गोदामावर, मी कारखान्यावर. आधी त्याने त्याची डिश फिरवली, मी आकडे वाचले. मग मी माझी फिरवली, त्याने वाचले. "एकोणसाठ. थांब. आवळ आणि खाली ये." मी खाली आले. पूल चालू झाला. घाईसाहेबाने घड्याळाकडे बघून आम्हाला शाबासकी दिली.

आठवडाही गेला नाही तोच त्याचा फोन. सकाळी चालतं, ट्रक लागले आणि काम वाढलं की पडतं. आम्ही गेलो. दादाने त्याची डिश तपासली, ती बरोबर होती. माझी बघितली तर तिचं तोंड बाजूला गेलेलं.

"नट आवळताना तू डिश हलवतेस," दादा म्हणाला. घाईसाहेब शेजारीच उभा होता. "किती वेळा सांगितलं, एक हात डिशच्या मागे ठेवून आवळायचं."

 हे पहिल्यांदा होत नव्हतं. त्याआधी एका शाळेच्या दोन इमारतींचं असंच झालं होतं, आणि त्याच्या आधी एका छापखान्याचं. दर वेळी बिघडलेली डिश माझीच. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळ्या घराला माहीत आहे, पण तो दुसऱ्यावर काढता येतो तोवर. स्वतःच्या हातांवर कसा काढणार? मी घरी खुर्च्या उलट्या करून पायांचे नट सोडायचे आणि आवळायचे, एक हात मागे ठेवून. खुर्ची तसूभर हलायची नाही. गच्चीवर गेलं की मात्र डिश हलायची. मला वाटायला लागलं होतं की हे काम आपल्याला जमणार नाही, दादा बिचारा नात्यापायी सांभाळून घेतोय.

म्हणून त्या दिवशी मी नियम मोडला. दादा रस्ता ओलांडून गोदामाच्या गच्चीवर गेला, मी डिश सैल केली, आणि मोबाइल खिशात घालायच्या ऐवजी पाण्याच्या पाइपाला टेकवून समोर ठेवला. आपला हात नेमका कधी हलतो ते मला बघायचं होतं, बाकी काही नाही. दोन्ही टोकांचा आकडा जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे त्याला जे दिसतं तेच मलाही दिसणार होतं.

"चल, मुकादम. उजवीकडे," कानात दादा म्हणाला.

मी फिरवली. माझ्या पडद्यावर शहात्तर.

"अडुसष्ट," दादा म्हणाला. "पासष्ट. छान चाललंय. त्रेसष्ट."

पडद्यावर अठ्ठ्याहत्तर. मला वाटलं मोबाइल अडकला. मी डिश परत डावीकडे नेली, तर आकडा लगेच बदलला, चौऱ्याहत्तर, एकाहत्तर. मोबाइल नीट चालत होता.

"एकसष्ट," दादा म्हणाला. "हळू. साठ."

मी मान वर करून रस्त्यापलीकडे बघितलं. दादा गोदामाच्या गच्चीवर उभा होता, मोबाइल तोंडासमोर धरून, मान मात्र एका बाजूला वळवलेली, जणू मोबाइलचा वास नको होता. आणि तो आकडे म्हणत होता. वाचत नव्हता, म्हणत होता. चांगला पूल जुळताना आकडे जसे उतरतात तसे, मधे एकदा थोडे बिघडवून, मग पुन्हा सावरून. इतक्या वर्षांत ते त्याला पाढ्यांसारखे पाठ झाले होते.

 गाडी आताशा मीच चालवायचे, कारण त्याचा गुडघा दुखायचा. गिऱ्हाइकाचे कागद मीच वाचून दाखवायचे, कारण चष्मा घरी राहायचा. एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहिली. पण त्या सगळ्यांच्या आधी आला तो राग. माझा हात हलतो म्हणे. खुर्च्यांच्या पायांशी बसले होते मी.

मी त्याच्या आकड्यांकडे लक्ष न देता माझ्या पडद्याकडे बघून डिश फिरवली. आकडा सुधारला, बिघडू दिला, पुन्हा सुधारला. त्रेपन्नावर थांबले आणि नट आवळले.

"थांबले," मी म्हटलं.

"अठ्ठावन्न," दादा म्हणाला. "बघ, एक हात मागे ठेवला की कसं जमतं."

 खाली उतरले, गाडी चालवली, त्याला घरी सोडलं. त्या दिवसानंतर मी दर वेळी मोबाइल समोर ठेवायला लागले, आणि आमचा एकही पूल पडला नाही. दादा खूश होता. मुकादमाचा हात बसला, असं त्याने वहिनीलाही सांगितलं.

वहिनीला मी विचारलं होतं, सरळ नाही, आडून. ती भाजी निवडत बसली होती, दादा आतल्या खोलीत टीव्ही ऐकत होता.

"दादा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला का गं?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणतात. नवीन करायला मात्र मुहूर्त सापडत नाही."

"आणि साखर?"

"साखर आहेच की. ती कुठे जातेय." वहिनी बराच वेळ एकच देठ खुडत राहिली. मग हळूच म्हणाली, "चहा ओतताना कपात बोट घालतात. भरला की नाही बघायला. मी हटकलं तर म्हणाले, सवय आहे."

 पुढे काय बोलायचं ते दोघींनाही ठाऊक होतं आणि दोघींपैकी कुणीच बोललं नाही. तिला वाटत असावं, काम बंद पडलं तर हा माणूस घरात बसून झुरेल. मला वाटत होतं ते याहून स्वार्थी होतं. कानात दादाचा आवाज नसलेली गच्ची मला नको होती. खोटे का असेनात, आकडे त्याचे होते.

हे असंच चाललं असतं, पण घाईसाहेबाने तिसरी इमारत जोडायची काढली. कारखान्याच्या मागे मोकळी जागा ओलांडून रंग तपासायची नवी शेड बांधली होती. दादा शेडवर गेला. पांढऱ्या पत्र्याचं छप्पर, त्यावर चालायला एक फळ्यांची वाट, आणि चढायला भिंतीला लावलेली लोखंडी शिडी. दुपारचं ऊन पत्र्यावर असं तापलं होतं की मला माझ्या गच्चीवरून तिकडे बघवत नव्हतं. निघतानाच मी म्हटलं होतं, आज मी जाते तिकडे. तो म्हणाला, मुकादमांनी मुकादमांच्या जागी राहावं.

त्याची डिश जुळवून झाली. मी मोबाइल कठड्याला टेकवला आणि माझी फिरवायला घेतली.

"एकाहत्तर," दादा म्हणाला. "सत्तर. अडुसष्ट."

मी पडद्याकडे बघत होते. आकडा भराभर उतरत होता, जागा मोकळी होती, मधे काही आड येत नव्हतं. खोटा झोत गेला, आकडा बिघडला, मग खरा लागला. पन्नास. एवढं सुंदर क्वचितच जुळतं. मी नट आवळले आणि सवयीने म्हटलं, "हं, थांबले."

कानात काहीच आलं नाही. वाटलं फोन कट झाला.

"दादा?"

"मी काही बोललोच नाही, मुकादम."

"म्हणजे?"

"अडुसष्टनंतर मी गप्प झालो होतो. केव्हाचा गप्पच आहे. तू कशावर थांबलीस?"

 मोबाइल कठड्यावर होता, पन्नास दाखवत. समोर शेडच्या छपरावर दादा दिसत होता. त्याने हात खाली सोडला होता, मोबाइल समोर धरायचं सोंगही आता राहिलं नव्हतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"गोदामाच्या दुसऱ्या खेपेपासून."

 खालून घाईसाहेब ओरडून विचारत होता, झालं का, किती वेळ. मी त्याला हातानेच थांबायला सांगितलं.

"मग मी वर कशाला चढत होतो?" दादा म्हणाला.

आवाज चढवला नव्हता. त्याला खरंच हवं होतं उत्तर.  मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

"खाली ये दादा, मग बोलू."

"नाही येता येत. चढताना जमतं. उतरताना शिडीचं टोक सापडत नाही. रोज पायाने चाचपडून काढतो." मग म्हणाला, "आज नको वाटतंय. तू येऊन ने मला."

इतक्या वर्षांत दादाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी हत्यारं तिथेच टाकली, जिना उतरले, घाईसाहेबाच्या शेजारून पळत गेले. शेडची शिडी हाताला भाजत होती. वर दादा फळ्यांच्या वाटेवर पाय जवळ घेऊन बसला होता, पत्र्यावर नाही, वाटेवरच. तेवढं त्याला दिसत होतं. मी शेजारी बसले. त्याने माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला बघितलं.

"मधलं गेलंय," तो म्हणाला. "कडेचं दिसतं. तू दिसतेस, पण तोंड नाही दिसत. आधी बाजूने बघून आकडे कळायचे, तीन की आठ एवढाच घोळ व्हायचा. मग सहा पण आठसारखा दिसायला लागला. मग सगळेच."

"आणि माझा हात हलतो म्हणालास."

"हो."

"त्या माणसासमोर म्हणालास. शाळेत पण म्हणालास. मी घरी खुर्च्या उलट्या करून बसत होते, दादा. मला वाटलं, मला येतच नाही."

"ते चुकलं माझं," तो म्हणाला. दादाच्या तोंडून हे वाक्य मी आधी ऐकलेलं नव्हतं, आणि ऐकल्यावर मला काही बरं वाटलं नाही. "तुझं बिघडलं असं म्हटलं की माझं नाही बिघडलं असं व्हायचं. पण तू तरी बोलायचंस. मला वेड्यासारखं आकडे म्हणायला लावलंस."

"तू बोलायचंस आधी."

 पत्रा तापून कुरकुरत होता. शेवटी मी उठले, शिडीवर दोन पायऱ्या खाली उतरून उभी राहिले आणि त्याचा बूट धरून पायरीवर ठेवला. मग दुसरा. तो जड माणूस आहे. प्रत्येक पायरीवर त्याचा भार माझ्या खांद्यावर येत होता आणि तो काही बोलत नव्हता. अर्ध्यावर आल्यावर म्हणाला, "आकडा किती लागला?"

"पन्नास."

"खरं ना?"

"खरं."

"का मी सांगायचो तसं?"

मी त्याचा पाय पुढच्या पायरीवर ठेवला.  मोबाइल त्याच्या डोळ्यांसमोर धरला असता तरी काय उपयोग होता?

खाली घाईसाहेब वाट बघत होता. "काय हो, काय झालं?"

"गुडघा," दादा म्हणाला.

"जुनं दुखणं आहे," मी म्हटलं.

डोळ्यांचा डॉक्टर भला माणूस होता, त्याने बोलून दाखवलं नाही, पण आम्ही किती उशीर केलाय ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दादाला तेही दिसलं नाही. साखरेने डोळ्यांच्या पडद्याच्या मधोमध घाव केले होते. गेलेलं परत येणार नाही, डोळ्यांत इंजेक्शनं घेऊन कडेचं उरलेलं राखता येतं का ते बघू, आणि साखर आटोक्यात पाहिजे, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

दादा आता घरी असतो. पूल मी एकटी जुळवते. एक टोक करते, खाली उतरते, दुसरं टोक करते, पुन्हा पहिल्यावर जाते. वेळ दुप्पट लागतो आणि कान रिकामे असतात. येताना मी त्याच्याकडे डोकावते आणि आजचा आकडा सांगते. तो खुर्चीत बसून ऐकतो आणि म्हणतो, "खरं ना?" नुसता पुलाचा नाही. किती वाजले सांगितलं तरी तेच. पावसाचे ढग आलेत म्हटलं तरी तेच. आधी मला चीड यायची. मी खरंच सांगते रे, असं म्हणायचे. आता नुसतं "खरं" म्हणते, कारण त्याला ते तपासायला कुठलाच मार्ग नाही आणि हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार.

परवा गेले तेव्हा वहिनी जेवायला वाढत होती. जेवायच्या आधी त्याच्या बोटाला टोचून साखर बघायची असते, आणि वहिनीला सुईची भीती, म्हणून मी असले की ते काम माझ्याकडे. मी थेंब पट्टीवर लावला. यंत्राने जरा वेळ घेतला आणि आकडा आला. त्या आठवड्यात त्याने सगळं पाळलं होतं. गोड सोडलं होतं, सकाळी वहिनीचा हात धरून चालायला जात होता, इंजेक्शनाच्या वेळी हूं की चूं केलं नव्हतं. आणि आकडा तीनशेच्या वर होता.

"किती?" दादाने विचारलं. त्याचं तोंड माझ्या कानाकडे होतं आणि त्यावर अशी आशा होती की मला बघवेना.

"एकशे चाळीस," मी म्हटलं.

"खरं ना?"

"खरं."

"बघ," तो वहिनीला म्हणाला. "चालण्याचा उपयोग होतो."

मी यंत्र वहिनीच्या समोर धरलं. तिने आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि आवाज न करता त्याच्या ताटातलं निम्मं वाढणं परत पातेल्यात काढलं. मग ताट त्याच्या पुढ्यात सरकवलं.

दादाने नेहमीसारखी बोटं ताटावरून फिरवली, काय कुठे आहे ते बघायला. ती मोकळ्या जागेवर आली आणि थांबली.  मग तो काही न विचारता जेवायला लागला.